गोल बटणाचा कौल

वेस्ट हॅलमच्या जुन्या मॉलमधली निम्मी दुकानं केव्हाच बंद पडली होती. त्यातल्या एका गाळ्यात पूर्वी बायकांचे बूट मिळायचे. आता तिथे माणसांची मतं घेतली जात. काचेवरचं कंपनीचं नाव असं होतं, की ती चष्मे विकते की विमा, ते कळू नये.

विस्कॉन्सिन राज्याचं नशीबच तसं. तीन वर्षं देशाला त्याची आठवण होते ती चीज खाताना. चौथ्या वर्षी मात्र, इथला कौल कुठेही झुकू शकतो म्हणून, राष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार लांबचे भाचे श्रीमंत आत्याकडे यावेत तसे लोटांगण घालत येतात. ‘आत्या, तब्येत कशी आहे? आणि मृत्युपत्राचं काय ठरलं?’ त्या वर्षी भाच्यांमध्ये एक गव्हर्नर होते आणि एक सिनेटर. दोघांनीही गावात येऊन तळलेला मासा खाल्ला होता, आणि दोघांनाही तो पचला नव्हता.

रॉस्को थ्रेडगिल त्या मॉलमध्ये गेला तो बायकोमुळे. रॉस्को शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंत तो रिकामा असायचा, आणि रिकामा वेळ तो टीव्हीशी भांडण्यात घालवायचा.

"तेच भांडण तिथे जाऊन कर की," व्हर्नेटा म्हणाली. "जाहिराती दाखवतात, मत विचारतात आणि जाताना किराण्याचं भेटकार्ड देतात. माझ्या घरात तुझ्या मताला गेली तीस वर्षं गिऱ्हाईक नाही. तिकडे मिळतंय तर जा."

आत घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेबलाभोवती बारा माणसं बसवली होती. एका भिंतीवर मोठा आरसा होता. आरशामागे कंपनीची माणसं बसून आपल्याला बघतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची सँडविचं आपल्यापेक्षा चांगली असतात, हेही. बारांपैकी दहा गोरे आणि दोन काळे. गावात लोक ज्या प्रमाणात होते त्याच प्रमाणात ते टेबलाशी आणले होते. पाककृतीत मीठ सांगितलेलं असतं तसे. काळ्यांपैकी एक रॉस्को. दुसऱ्या मिस ओडेसा पुली, त्याच्याच चर्चमधल्या, ऐंशीच्या घरातल्या. गावातल्या निम्म्या काळ्या माणसांना त्यांनी रविवारच्या शाळेत कान धरून बायबल शिकवलं होतं. रॉस्कोचा डावा कान अजूनही उजव्यापेक्षा थोडा लांब होता.

"बस इथे, बाळा," मिस ओडेसा म्हणाल्या. "आणि पाठ सरळ. आरशातून बघतायत मेले."

समोर गॉर्डी स्ट्रोबेल बसला होता. ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डर, पोट आणि हसू दोन्ही मोठं. त्याच्या शेजारी लॉरेटा कुबियाकबाई. त्यांचा नातू रॉस्कोच्या बसने शाळेत जायचा. त्यांनी रॉस्कोला पाहून दोन्ही हात हलवले. "अगंबाई, मिस्टर रॉस्को! आता मला अगदी घरच्यासारखं वाटतंय."

डेना लोव्हग्रेन नावाची एक तरतरीत बाई कार्यक्रम चालवत होती. तिने प्रत्येकाच्या हातात एक छोटी पेटी दिली. पेटीवर एक गोल बटण आणि एक आकडा.

"जाहिरात चालू असताना हे फिरवत राहायचं," ती म्हणाली. "जे दिसतंय, ऐकू येतंय ते पटलं, मनाला भिडलं, की उजवीकडे, शंभरपर्यंत. नाही पटलं की डावीकडे, शून्यापर्यंत. विचार करू नका. आम्हाला तुमचा विचार नकोय, तुमचं मत हवंय."

यावर कुणीही हसलं नाही, कारण डेना गंभीर होती.

दिवे मंद झाले. पियानो वाजू लागला. पांढरं घर, मेपलची लाल पानं, पाठीवर दप्तर घेतलेली एक सोनेरी केसांची मुलगी. एक जड पुरुषी आवाज म्हणाला, "तुमची मुलगी शाळेतून निघाली आहे." पियानो थांबला. "तुरुंगांची दारं उघडायच्या बाजूने सिनेटरांनी मत दिलं." धाडकन नगारा वाजला आणि पडदा काळा झाला. त्या काळोखातून एक माणूस पुढे आला. डोक्यावर हुड, चेहरा सावलीत, आणि तुमच्यावर उगारलेला भला मोठा हात. "तिच्या वाटेत कोण उभं असेल?"

मग एकदम सूर्य उगवला, झेंडा फडकला आणि गव्हर्नर एका कुत्र्याला थोपटू लागले.

काळा, गोरा असा एक शब्द सबंध जाहिरातीत नव्हता. भाषा इतकी सोज्वळ होती, की चर्चमध्येही वाचता आली असती.

रॉस्कोने बटण उजवीकडे फिरवलं होतं. त्याला तसं करायचं नव्हतं. तो सिनेटरांना मत देणार होता आणि गव्हर्नरांच्या कुत्र्यावरही त्याचा विश्वास नव्हता. पण रोज पन्नासेक पोरं घरी पोचवणारा माणूस तो. दप्तर घेतलेली पोर एकटी चाललेली दिसली आणि पाठोपाठ तो हात आला, तशी त्याची बोटं त्याच्याआधीच वळली. पेटीवर एकाहत्तर आकडा दिसत होता. ‘अशा माणसाला आत टाकला पाहिजे,’ असं त्याच्या मनात आलंसुद्धा.

आणि मग त्याला बाहीवरची पट्टी दिसली.

अंधारात चमकणारी पट्टी. कोपरापाशी तिरकी शिवलेली. ती व्हर्नेटाने शिवली होती, मालिका बघता बघता, म्हणून तिरकी. जाहिरातवाल्यांनी तिचा नारिंगी रंग काढून टाकला होता, पण तिरकेपणा त्यांना काढता आला नव्हता.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. धुक्यात पुलावर एक दुधाचा ट्रक आडवा झाला होता. रॉस्कोने बस थांबवली, मुलांना जागेवर बसवून ठेवलं, स्वतः खाली उतरला आणि मागून येणाऱ्या गाड्यांसमोर हात वर करून बर्फात उभा राहिला. चेहरा गारठू नये म्हणून हुड ओढलेला. गावच्या पेपरात पहिल्या पानावर हा फोटो आला होता. तेव्हा फोटोत पूल होता, पिवळी बस होती, बसच्या काचांना चिकटलेली नाकं होती. आता बस गेली, पूल गेला, पोरं गेली. रॉस्को तेवढा राहिला, तोही दोन-तीन छटा गडद होऊन.

दिवे लागले. त्याला गेल्या वर्षीचा एक ड्रायव्हर आठवला. एका पालकाने नुसता फोन केला होता, ‘तो माणूस हसत नाही, मुलीला भीती वाटते.’ पुढच्या सोमवारी त्याचा रूट दुसऱ्याकडे गेला. रॉस्कोच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. ही जाहिरात घरोघर दिसू लागली आणि एका आईने पट्टी ओळखली, तर रूट गेलाच. जाहिरात इथेच, या टेबलाशी मेली पाहिजे, एवढं त्याला कळलं.

"तर," डेना म्हणाली, "त्या माणसाबद्दल काय वाटलं?"

"भीती," लॉरेटाबाई म्हणाल्या. "माझा हात आपोआप गेला उजवीकडे."

"कसा वाटला तो माणूस?"

 सगळ्यांना एकच शब्द आठवत होता आणि तो सोडून दुसरा शोधणं चाललं होतं.

"उंच," गॉर्डी म्हणाला.

"हो, उंच," दोघातिघांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

"इकडचा नाही वाटला," टेबलाच्या टोकाकडून एकजण. "शिकागोकडचा असावा."

"अंगाखांद्यावरूनच कळतं."

"त्याच्या वंशाचा काही परिणाम झाला का तुमच्यावर?" डेनाने विचारलं. तिच्या कागदावर तो प्रश्न होताच.

"वंश?" गॉर्डी चकित झाला. "तो काळा होता? आईशप्पथ, माझ्या लक्षातच आलं नाही!"

"मी माणसाचा रंग बघतच नाही," लॉरेटाबाई म्हणाल्या. "माझा नवरा हिरवा असता तरी मी केलाच असता."

दहाही जणांनी माना डोलावल्या. त्या टेबलाशी रंग कुणालाच दिसत नव्हता. असं टेबल मिळालं असतं तर एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरने तिथेच दवाखाना थाटला असता.

डेना मिस ओडेसांकडे वळली. "आणि तुम्हाला काय वाटलं, मॅडम?"

मिस ओडेसांनी चष्मा पर्समध्ये ठेवलेला होता, कारण फोटोत त्या चष्म्याशिवाय चांगल्या दिसत आणि आरशामागे फोटो काढत असतील अशी त्यांना शंका होती. "मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या, "या पोराची आई कोण? हुड कपाळावर, हात वर, हे काय उभं राहणं झालं? त्या बाईने याला एक रविवार तरी चर्चला आणलं असतं ना, तर ही वेळ आली नसती."

रॉस्कोच्या आईने त्याला सलग अठरा वर्षं चर्चला आणलं होतं आणि मिस ओडेसांच्याच बाकावर बसवलं होतं.

"छान," डेना म्हणाली. "आता हीच जाहिरात आपण परत एकदा बघू. हा शेवटचा कौल. याच्यावरच ती लावायची की नाही ते ठरतं."

रॉस्को उठून उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्याला ठाऊक होतं, पण दुसरा उपाय दिसेना.

"तो मी आहे," तो म्हणाला.

"कोण तू?" गॉर्डीने विचारलं.

"तो उंच माणूस."

कुणाला कळेना. मग त्याने सांगितलं. पूल, धुकं, दुधाचा ट्रक, पट्टी. सांगून झाल्यावर आरशामागे कुणीतरी सँडविचचा कागद चुरगाळला तोही ऐकू आला.

लॉरेटाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! हा फोटो तर माझ्या फ्रीजवर आहे! दोन वर्षं! मी रोज सकाळी दूध काढताना त्याला ‘देव तुझं भलं करो’ म्हणते!"

"आता बघितला तेव्हा नाही म्हणालात," रॉस्को म्हणाला.

"अहो, पण आत्ता मागे बस कुठे होती!" त्या रडायच्याच बेतात आल्या.

"रॉस्को!" मिस ओडेसांनी चष्मा शोधायला पर्स उलटी केली. "तू होतास? आणि गप्प बसलास? मला तुझ्या आईबद्दल, बिचाऱ्या लुएलाबद्दल वाटेल ते बोलू दिलंस?"

"तुम्हाला मध्येच थांबवायची हिंमत अजून कुणी केलीय, मिस ओडेसा?"

मग टेबलाभोवती एकच गलका झाला. गॉर्डीने वाकून रॉस्कोचा हात हातात घेतला आणि तो इतका हलवला, की पाण्याचा पेला सांडला. "गड्या, तू तर हिरो आहेस! हिरो! मी आयुष्यात कुणाला असं म्हटलं नाही, फक्त बेसबॉलच्या एका गोलंदाजाला म्हटलं होतं आणि त्याने नंतर निराशा केली." कुणी म्हणालं, तुमच्यासारखी माणसं हवीत. कुणी म्हणालं, माझा एक खूप चांगला काळा मित्र होता, सैन्यात. सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते. या राज्यात माणूस शिव्या ऐकून घेईल, उपाशी राहील, पण आपण वाईट माणूस आहोत असं शेजाऱ्याला वाटलं, तर त्या दिवशी त्याला जेवण जात नाही.

डेनाने आरशाकडे पाहिलं. आरशामागून टकटक झाली, एकदा. तिने मान हलवली.

"फार सुंदर गोष्ट आहे, मिस्टर थ्रेडगिल," ती म्हणाली. "आता आपण पुढे जाऊ या. बटणं हातात घ्या."

पियानो वाजला. पोरगी निघाली. रॉस्कोने बटण डावीकडे, अगदी शून्यावर नेऊन ठेवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. त्याला मनातून बरं वाटत होतं. आता ही अकराजणं काय करणार हे उघड होतं. इतक्या प्रेमाने हात हलवणारी माणसं आपल्या हिरोला असा टीव्हीवर राक्षस होऊ देणार नाहीत.

नगारा वाजला. हुड, सावली, हात.

"हाच तो!" लॉरेटाबाई ओरडल्या आणि त्यांनी बटण गर्रकन उजवीकडे फिरवलं.

"शाब्बास, रॉस्को!" गॉर्डीने आपलं बटण इतक्या जोराने शंभरावर नेलं, की ते निघून त्याच्या हातात आलं. सैन्यातल्या मित्राची गोष्ट सांगणाऱ्याने रॉस्कोकडे बघून अंगठा वर केला आणि दुसऱ्या हाताने बटण पिळलं. मिस ओडेसांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं, "हो गं बाई, लुएलाचीच हनुवटी," म्हणाल्या आणि शंभरावर गेल्या. रॉस्को टेबलाभोवती बघत राहिला. एकेक पेटी, एकेक शंभर. जो तो त्याच्याकडे वळून हसत होता आणि पेटी त्याला दिसेल अशी वर धरत होता, पोरं शाळेत प्रगतिपुस्तक दाखवतात तशी.

"नाही, नाही," रॉस्को म्हणाला, "उजवीकडे नाही!"

"कृपया बोलू नका," डेना म्हणाली.

सूर्य उगवला. कुत्र्याला थोपटणं झालं. डेनाच्या कानातल्या यंत्रात कुणीतरी काहीतरी बोललं आणि तिचे डोळे विस्फारले. मग ती रॉस्कोच्या खुर्चीपाशी आली आणि वाकून हळूच म्हणाली, "तुमचं बटण बिघडलंय वाटतं. शून्यावरच अडकलंय."

"बिघडलेलं नाही. मी धरलंय."

"काही काळजी करू नका," ती प्रेमाने म्हणाली. "आम्ही ते धरणार नाही."

बाहेर पार्किंगमध्ये वारा झोंबत होता. गॉर्डी किराण्याचं कार्ड खिशात घालत रॉस्कोजवळ आला. "बघितलंस? एकाने मागेपुढे पाहिलं नाही. आता लावून दाखव म्हणावं ती जाहिरात!"

"गॉर्डी, उजवीकडे म्हणजे जाहिरात आवडली."

"मी जाहिरातीसाठी कुठे फिरवलं? तुझ्यासाठी फिरवलं."

"यंत्राला ते कसं कळणार?"

गॉर्डीने थोडा विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "अरे, ती शिकलेली माणसं आहेत. त्यांना कळेल." आणि रॉस्कोच्या पाठीवर थाप मारून तो गेला.

शिकलेल्या माणसांना कळलं, पण त्यांच्या परीने. पुढल्या रविवारी पॅकर्सची, म्हणजे राज्याच्या लाडक्या फुटबॉल संघाची, मॅच ऐन रंगात असताना ती जाहिरात लागली आणि मग थांबलीच नाही. बातम्यांच्या आधी, हवामानाच्या नंतर, स्वयंपाकाच्या कार्यक्रमात कांदा परतून होईपर्यंतच्या वेळात. गावच्या पेपराने पुलावरचा तो फोटो कुठल्याशा चित्रं विकणाऱ्या कंपनीला कधीच विकून टाकला होता. रॉस्कोने फोन केला तेव्हा संपादक फारच आपुलकीने बोलला आणि म्हणाला की फोटो गाजल्याचा त्याला अभिमान वाटतो. कंपनीकडून पत्र आलं, की चेहरा सावलीत असल्यामुळे ती व्यक्ती कोण हे सांगता येत नाही. मग त्याने गडद केलेल्या सावलीबद्दल विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही. सिनेटरांच्या कचेरीतल्या तरुणाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, आमच्या पाहणीत असं दिसतं, की हा विषय काढला की आमचेच आकडे पडतात. तुम्हाला अंगणात लावायला प्रचाराची पाटी पाठवू का?"

शुक्रवारी रात्री तो आणि व्हर्नेटा नेहमीप्रमाणे मासा खायला गेले. बारवरच्या टीव्हीवर हुड आला, हात उगारला गेला. शेजारचा शेतकरी मान हलवत रॉस्कोला म्हणाला, "काय दिवस आलेत, नाही का? तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांनी पोरं बाहेर कशी पाठवायची?"

"बसने," रॉस्को म्हणाला.

"हां, बस बरी," शेतकरी म्हणाला आणि त्याने रॉस्कोच्या बशीत आपली कोबीची कोशिंबीर सरकवली.

व्हर्नेटा टेबलाखालून त्याचा गुडघा धरून बसली होती. रॉस्को रागावला नव्हता. त्याला एकच गोष्ट डाचत होती आणि ती त्याने घरी येईपर्यंत सांगितली नाही.

"पहिल्यांदा बघितलं ना," तो बूट काढताना म्हणाला, "तेव्हा मी एकाहत्तर दिले."

"कशाला?"

"मला. पट्टी दिसायच्या आधी."

 "लग्नाच्या वेळी माझ्या आईने तुला त्याहून कमी दिले होते," व्हर्नेटा म्हणाली आणि मग त्याचे बूट उचलून जागेवर ठेवले, जे ती एरवी कधीच करत नसे.

त्याला भीती होती तो फोन बुधवारी आला. शाळेच्या वाहतूक विभागात बोलावलं होतं. विभागप्रमुख ब्रिजिट ग्रोथ त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यातून आलेली. मिळून मिसळून वागणारी, ड्रायव्हरांच्या वाढदिवसाला केक आणणारी बाई. आज तिचा चेहरा उतरला होता.

"बसा, रॉस्को. पालकांचे फोन आलेत. एक नाही, बरेच. मला हे बोलायला फार अवघड जातंय."

‘गेला रूट,’ रॉस्को मनात म्हणाला आणि त्याने पाठ सरळ केली.

"सिकमोर रस्त्याच्या थांब्यावर," ती म्हणाली, "सकाळी एक माणूस दिसतो. उंच. डोक्यावर हुड. मुलं बसमध्ये चढत असतात तिथेच घुटमळत असतो. जाहिरातीतल्या त्या माणसासारखा हुबेहूब, असं पालक म्हणतात."

सिकमोर रस्त्यावर निसरडं होतं. रॉस्को तिथे रोज खाली उतरून लहान पोरांना हाताला धरून चढवायचा.

ब्रिजिटने टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. जाहिरातीतला फोटो, मोठा करून छापलेला. "हा बसमध्ये लावून ठेवा. तुमच्याइतका या गावात जुना आणि भरवशाचा ड्रायव्हर दुसरा नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. हा माणूस दिसला, की लगेच रेडिओवर कळवायचं. तुम्ही याला कधी पाहिलंय?"

"रोज बघतो," रॉस्को म्हणाला. "दाढी करताना."

ती हसली नाही. तिला कळलंच नाही.

"ब्रिजिट, हा मी आहे. हा माझा फोटो. थांब्यावर दिसतो तोही मीच."

ब्रिजिटच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग दुःख, आणि मग तिचे डोळे पाण्याने भरले. तिने टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात धरला. "रॉस्को, असं नका म्हणू. प्लीज. स्वतःकडे असं बघू नका. कुणीतरी टीव्हीवर काहीतरी दाखवतं आणि तुमच्यासारख्या सज्जन माणसाला वाटायला लागतं की तोच आपण. किती वाईट आहे हे!"

"वाटत नाही. आहे. ही पट्टी बघा."

तिने पट्टीकडे पाहिलंच नाही. ती ठामपणे मान हलवत होती. "नाही. सगळे काळे लोक सारखे दिसतात असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझ्या आईवडिलांनी मला तसं वाढवलेलं नाही. हा माणूस तुमच्यासारखा अजिबात दिसत नाही. अजिबात!"

रॉस्कोने पट्टीवरचं बोट उचललं. आणखी पुरावे दिले असते तर तिला ते पटले असते. आणि पटले असते, तर तिला तो जाहिरातीतला माणूस समोर बसलेला दिसला असता. पेन्शनला दोन वर्षं होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नाकात फरक आहे."

"बघा!" ती डोळे पुसत हसली. "फक्त एक करा, माझ्यासाठी. सकाळी हुड घालू नका. लोक काय, कुणाचीही गल्लत करतात. तुम्हाला उगाच त्रास व्हायला नको."

त्या आठवड्यात थंडीने पारा शून्याखाली नेला. रॉस्को उघड्या डोक्याने सिकमोर रस्त्यावर उतरला आणि दोन दिवसांत त्याचे कान कोबीच्या पानांसारखे झाले. तिसऱ्या दिवशी व्हर्नेटाने त्याच्यासमोर एक टोपी ठेवली. लोकरीची, हिरवी-पिवळी, वर टेनिसच्या चेंडूएवढा गोंडा आणि कपाळावर पॅकर्सचं मोठं अक्षर.

रॉस्को दोन पावलं मागे सरला. त्याचा बाप मिसिसिपीहून आधी शिकागोला उतरला होता आणि तिथून इकडे येताना बरोबर दोनच गोष्टी घेऊन आला होता. एक बायको आणि दुसरी बेअर्सवरची, म्हणजे पॅकर्सच्या हाडवैरी शिकागो संघावरची, निष्ठा. या गावात, या लोकांच्या मध्ये राहून रॉस्कोने आयुष्यभर बेअर्सचा एकही सामना चुकवला नव्हता आणि पॅकर्ससाठी एकदाही टाळी वाजवली नव्हती. त्याच्या लेखी ती टोपी म्हणजे धर्मांतर होतं.

"दुसरी काहीही दे," तो म्हणाला. "तुझी चर्चची टोपी दे. पिसांची."

"डोकं चालव, रॉस्को. या राज्यात ही टोपी घातलेल्या माणसाला कुणी घाबरलंय का? बँक लुटायला गेला तरी लोक आधी स्कोअर विचारतील."

"बाबा थडग्यात उठून बसतील."

"बसू देत. त्यांची पेन्शन अडकलेली नाहीये."

रॉस्कोने टोपी घातली. आरशात पाहिलं नाही.

सिकमोर रस्त्यावर आया गाड्यांच्या काचा खाली करून हात हलवू लागल्या. एकीने त्याला गरम कॉफी आणून दिली. एक तरुण बाप, जो जाहिरात लागल्यापासून काचा वर ठेवून मुलगी बसमध्ये चढेपर्यंत मोबाइल हातात धरून बसायचा, तो चक्क खाली उतरला.

"बरं वाटतं हो तुम्ही इथे असता म्हणून," तो म्हणाला. "तो माणूस गेल्या आठवड्यापासून दिसलेला नाही. तुम्हीच पळवला असणार." आणि मूठ वर करून हसत त्याने पॅकर्सवाल्यांची आरोळी ठोकली, "गो पॅक!"

बसमधून सगळी पोरं उत्तराची वाट बघत काचांना चिकटली होती. रॉस्कोने थडग्यातल्या बापाची मनातल्या मनात माफी मागितली.

"गो पॅक," तो म्हणाला आणि चढून त्याने दार लावून घेतलं.